फळ्यावरचं खोटं वाक्य

"शोभाताई पहाटे चार वाजता उठतात. त्या दहा किलो पोहे भिजवतात. त्यांचा ठेला चौकात, औषधाच्या दुकानासमोर आहे. पोह्यांवरची त्यांची तर्री खूप गोड असते. दुपारी बारापर्यंत सगळे पोहे संपतात."

तिसरीतल्या मिनलने फळ्यावरचा मजकूर एका दमात वाचला. कुठे अडखळली नाही, जोडाक्षराला घाबरली नाही, पूर्णविराम आला की बरोबर श्वास घेतला. वाचून झाल्यावर हात मागे बांधून ती ताठ उभी राहिली. बाकीची तेवीस मुलं गाल फुगवून, ओठ आवळून बसली होती, कारण वाचणाऱ्याचं संपेपर्यंत हसायचं नाही असा त्या वर्गाचा नियम होता.

"सापडलं का काही?" सुमतीबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. सगळं बराबर आहे."

मग मात्र वर्गाला हसू धरवेना. प्रशिक बाकावरून अर्धा उठलाच. "मॅडम, तर्री गोड लिहिली. शोभाताईची तर्री खाल्ली का आमच्या बाबाच्या नाकातून पाणी येते."

"ये, खोड," सुमतीबाई म्हणाल्या. प्रशिकने ऐटीत पुढे येऊन लाल खडू घेतला आणि लाकडी पट्टी लावून त्या वाक्यावर सरळ रेघ ओढली. मिनल जागेवर जाऊन बसली आणि वहीत तारीख घालू लागली. तिला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. वाईट वाटलं ते सुमतीबाईंना.

सुमती गजभिये नंदनवनच्या त्या मनपा शाळेत एकोणीस वर्षं तिसरीला शिकवत होत्या आणि ही खोट्या वाक्याची भानगड त्यांचीच. त्यांना ती कोणत्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. पहिल्याच वर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला एका मुलाने नद्यांचा धडा खणखणीत वाचला. त्यांनी सहज विचारलं, "नदी कुठे असते रे?" तो म्हणाला, "पान बत्तीसवर." शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडून नाग नदी वाहत होती, वर्गात तिचा वासही येत होता. पण तिला सगळी वस्ती नाला म्हणायची, आणि नदी पान बत्तीसवर होती.

त्या रात्री सुमतीबाईंना वडील आठवले. ते गिरणीत कामाला होते. छप्पन्नच्या दीक्षेनंतर, ऐन विशीत, रात्रशाळेत जाऊन ते अक्षरं शिकले. दुकानाची पाटी असो की लग्नपत्रिका, एक ओळ वाचायचे आणि स्वतःलाच विचारायचे, 'म्हणजे काय?' उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या ओळीला हात लावायचे नाहीत. एक लग्नपत्रिका वाचायला त्यांना अर्धा तास लागे, पण त्यातल्या एकूण एक नातेवाइकाचं नातं त्यांना पाठ असे.

तेव्हापासून सुमतीबाईंच्या वर्गात दर सोमवारी वस्तीतलं एक माणूस खुर्चीवर येऊन बसू लागलं. कधी पोस्टमन, कधी शिंपी, कधी दवाखान्यातली कौसल्या सिस्टर. मुलं प्रश्न विचारत. मंगळवारी सुमतीबाई त्या माणसाबद्दल फळ्यावर पाच-सात वाक्यं लिहीत आणि त्यात एक वाक्य मुद्दाम खोटं घालत. ज्याची पाळी असेल त्याने मोठ्याने वाचायचं आणि खोटं पकडायचं. पकडलेलं वाक्य पुसायचं नाही, फक्त खोडायचं, आणि तेही एकच सरळ रेघ ओढून. "काय खोडलं ते नंतर वाचता आलं पाहिजे," त्या सांगत. "नाही तर कोण काय खोटं बोललं ते कसं समजणार?" मुख्याध्यापक धर्मेंद्र सरांना आधी हा प्रकार चमत्कारिक वाटला होता. शिक्षिकेनेच फळ्यावर खोटं लिहायचं म्हणजे काय. पण पुढे पुढे तेच व्हरांड्यात उभं राहून खोटं वाक्य शोधू लागले, आणि नेहमी त्यांना ते सापडेच असंही नाही.

एकोणीस वर्षांत प्रत्येक मुलाने कधी ना कधी लाल खडू हातात घेतला होता. मिनलने नाही. जूनपासून डिसेंबर आला, बाईंनी मुद्दाम दिलेल्या जादा पाळ्या धरून तिच्या पाच पाळ्या झाल्या, आणि पाचही वेळा तिने खोटं वाक्य खऱ्याच्या बरोबरीने, तितक्याच प्रेमाने वाचून टाकलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचं वाचन ऐकून वहीवर 'उत्कृष्ट' असा शेरा दिला होता. आणि सुमतीबाई तर एकतीस जानेवारीला निवृत्त होणार होत्या. पोरीच्या हातात एकदा तरी लाल खडू द्यायचा, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जवळ बोलावलं. "मिनल, तर्री कशी असते वं?"

"तिखट."

"मग तू तर गोड वाचलं."

"हो. तिथं गोड लिहून होतं न."

"तुले वाटलं नाही का, हे खोटं आहे म्हणून?"

मिनलने त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "मॅडम, मी फक्त वाचतो. समजायचं काम आबाजीचं आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मिनलचे वडील मौद्याला वीज केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर, ते घरी आठवड्यातून एकदा. आई दामिनी दिवसभर मशीनवर पिशव्या शिवते. घरात आजोबा चंपतराव. त्यांचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्याने अक्षर दिसत नाही. त्यामुळे मिनलला पहिलीत अक्षरं जुळवता येऊ लागली तेव्हापासून ती संध्याकाळी आजोबांना पेपर वाचून दाखवते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, निविदा सूचनांसकट. ती वाचते आणि आजोबा मान हलवतात. घरात वाटणी ठरलेली होती, आणि सात-आठ वर्षांच्या पोरीने ती इमानाने पाळली होती.

पुढच्या सोमवारी खुर्चीवर चंपतराव आले. स्वच्छ पांढरा पायजमा, डोक्याला रुमाल, आणि खांद्यावर माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी. ती पाहूनच मुलं खूश झाली. चंपतरावांनी चाळीस वर्षं वस्तीचं पाणी सोडण्याचं काम केलं होतं. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठल्या झाकणाखाली आहे आणि तो किती फेरे फिरवायचा, हे त्यांना अजून तोंडपाठ होतं. रस्ता खोदायचा असला की आजही लोक आधी त्यांना विचारायला येत.

"आजोबा, पाणी आलं हे तुम्हाले कसं समजे?" प्रशिकने विचारलं.

"ही चावी व्हॉल्ववर ठेवाची अन् दांड्याले कान लावाचा. पाणी येऊन राहिलं का आवाज येते. बारीक आला तं समजाचं, पुढे कुठंतरी लाइन फुटली."

मग शाळेच्या नळावर चावी टेकवून चोवीस मुलांनी रांगेने कान लावला. मिनलने दोनदा लावला. आपले आजोबा खुर्चीवर बसलेत या आनंदाने तिचा चेहरा दिवसभर उजळलेला होता. सुमतीबाईंना वाटलं, आता उद्या कशी पकडत नाही ते बघू.

मंगळवारी मुद्दाम पाळी बदलून त्यांनी तिलाच उभं केलं. फळ्यावर लिहिलं होतं, "चंपतराव चाळीस वर्षं वस्तीला पाणी सोडत होते. त्यांची चावी लोखंडाची आहे. पाणी आलं की नाही, हे ते वास घेऊन ओळखत. कामावर ते सायकलने जात."

मिनलने ते वाचलं. स्वच्छ, सुरेल, एकही चूक न करता. आणि हात मागे बांधून म्हणाली, "सगळं बराबर आहे, मॅडम."

त्या दिवशी खोटं वाक्य कुणी खोडलं ते सुमतीबाईंच्या लक्षात राहिलं नाही. शाळा सुटल्यावर चंपतराव नातीला न्यायला फाटकाशी आले, तेव्हा त्या तडक त्यांच्याकडे गेल्या. मिनल मैदानात लंगडी खेळत होती.

"भाऊ, पोरगी पेपर वाचते तेव्हा तुम्ही काय करता?"

"ऐकतो न जी. अन् मंग तिले सांगतो, अशी अशी गोष्ट आहे. कोण निवडून आलं, कुठं पूल बांधून राहिले."

"ते आता बंद करा."

"ऐकणं?"

"समजणं," सुमतीबाई म्हणाल्या. "तिनं वाचलं का म्हणाचं, मले काही समजलं नाही, तू सांग. ती म्हणेल मले नाही माहीत. तुम्ही म्हणाचं, मंग पुन्हा वाच. पण आपणहून एक शब्दही सांगाचा नाही."

चंपतरावांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "म्हणजे मी येडा बनू?"

"थोडे दिवस."

म्हाताऱ्याला ते जड गेलं, हे त्यांना दिसत होतं. डोळे गेले, नोकरी गेली, उरली होती ती समज, आणि तीच झाकून ठेवायला सांगणारी ही बाई. सुमतीबाईंना स्वतःचीच लाज वाटली. "एकतीस जानेवारीपर्यंत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मंग मी रिटायर होते. त्याच्या आत तिनं एकदा पकडावं, एवढंच वाटते मले."

चंपतरावांनी लंगडी खेळणाऱ्या मुलींच्या आवाजाकडे चेहरा वळवला. मग म्हणाले, "बनतो जी येडा. पोरीसाठी काय."

चंपतरावांनी काम मनावर घेतलं. फारच मनावर घेतलं, असं दोन आठवड्यांनी कळलं. नाताळच्या सुट्टीआधी दामिनी शाळेत आली, ती शिवणाच्या मशीनवरून उठून तशीच. अंगावर दोऱ्याचे तुकडे होते आणि डोळ्यांत पाणी.

"मॅडम, मिनलले दोन दिवस सुट्टी पाहिजे. मामाजीले मेडिकलच्या दवाखान्यात दाखवावं लागते. त्याइले भूल पडून राहिली."

"काय झालं वं सासऱ्याले? बस आधी."

"पंधरा दिवसांपासून रोज तेच. पेपर ऐकते अन् म्हणते, मले काही समजून नाही राहिलं. मी म्हटलं, वय झालं, होते. पण काल पेपरात पाण्याचीच बातमी होती. मिनलनं वाचली. तं मामाजी काय म्हणते, मिनल, व्हॉल्व म्हणजे काय असते?" दामिनीने पदर डोळ्यांना लावला. "चाळीस वर्षं व्हॉल्व फिरवला न मॅडम, त्या माणसानं."

सुमतीबाईंना हसू आवरेना, आणि समोर ही बिचारी रडत होती. त्यांनी आधी तिला पाणी दिलं, मग सगळं सांगितलं. दामिनी ऐकता ऐकता रडायची थांबली, मग तीही हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा थोडी रडली. "मले तरी सांगाचं होतं न. मी नवस बोलून बसली."

"मिनल काय म्हणाली मग, व्हॉल्व्ह म्हणजे काय ते?"

"अर्धा घंटा समजावलं तिनं. कोपऱ्यातली चावी ओढत आणली अन् मामाजीच्या हातात देऊन म्हणे, हे पाहा आबाजी, असं फिरवतात."

सुमतीबाईंनी ते वाक्य घरी जाताना स्कुटीवर दोन-तीनदा मनात घोळवलं.

जानेवारी भर्रकन निघाला. सव्वीसचा सोमवार झेंडावंदनात गेला, म्हणून शेवटचा पाहुणा मंगळवारी आला. ई-रिक्षावाला विक्की. बुधवारी फळ्यावर त्याच्याबद्दलची वाक्यं होती आणि पाळी मिनलची. ही तिची त्यांच्या हाताखालची शेवटची पाळी होती.

"विक्कीभाऊ सकाळी सहापासून ई-रिक्षा चालवतात. रिक्षा रात्रभर चार्जिंगला असते. कधी कधी रात्री ते आजारी माणसाला दवाखान्यात..."

मिनल थांबली. वर्गाने चमकून वर पाहिलं. मिनल अडखळली हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"मॅडम, हे खोटं आहे."

नियम विसरून मुलं हसली. खोटं वाक्य पुढे होतं. विक्कीच्या रिक्षाला दोन चाकं असल्याचं. मिनलने चक्क खऱ्या वाक्यावर बोट ठेवलं होतं. "काहून खोटं?" सुमतीबाईंनी विचारलं.

"रात्रभर चार्जिंगले असते न. मंग रात्री नेते कशी?"

"वायर काढून नेते ना वं," प्रशिक ओरडला. मिनलने विचार केला आणि ते तिला पटलं. ती पुढे वाचू लागली. पण आता तिला घाई झाली होती, सगळे हसले होते, आणि दोन चाकांचं वाक्य ती भरधाव वाचून गेली. लाल खडू पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेला. सुमतीबाईंना मात्र त्या दिवशी डबाही गोड लागला. एक मुलगी चुकीच्या जागी थांबली म्हणून शिक्षिकेने इतकं खूश व्हावं, हे दुसऱ्या कुणाला सांगून पटलं नसतं. तरी रुखरुख राहिलीच. पकडलं तर नाहीच तिने.

एकतीस तारखेला शनिवार, सकाळची शाळा. दहाच्या सुमाराला धर्मेंद्र सरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. शाल, नारळ, चहा, दोन-चार कागदांवर सह्या. शेजारच्या वर्गाच्या सरिता मॅडमनी छोटंसं भाषण केलं. तिसरीत गोंगाट होत असेल, एवढं निमित्त सांगून सुमतीबाई उठल्या.

पण तिसरीत गोंगाट नव्हता. दारापाशीच प्रशिकने त्यांना अडवलं, हाताला धरून खुर्चीवर बसवलं. सोमवारच्या पाहुण्याच्या खुर्चीवर. फळ्यावर वेगवेगळ्या अक्षरांत, चढउतार ओळींत, सात वाक्यं लिहिलेली होती.

"वाचा मॅडम," प्रशिक म्हणाला. "अन् पकडा."

सुमतीबाईंनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"आमच्या मॅडमचं नाव सुमती गजभिये आहे. त्या स्कुटीवर येतात. स्कुटीच्या डिक्कीत खडू, छत्री आणि सुईदोरा असतो. मॅडमच्या डब्यात रोज जवसाची चटणी असते. राग आला की मॅडम चष्मा काढतात. मॅडमला गाणं म्हणता येत नाही. मॅडम सोमवारी येतील."

वर्ग गाल फुगवून, ओठ आवळून बसला होता. कुणी हसत नव्हतं, नियमच तो होता.

शेवटच्या ओळीचं अक्षर त्यांनी ओळखलं, मिनलचं. गोल, नीटस, पेपरातल्यासारखं. वाचणाऱ्याला चकवायचं तर खोटं वाक्य कसं हवं, हे त्यांनी या वर्गाला कधी शिकवलं नव्हतं. इतरांनी लिहिलं असतं की मॅडम हत्तीवर येतात. हे मात्र असं होतं की वाचताना त्यांचा स्वतःचाही आवाज कुठे अडला नाही. हे लिहायला सगळं समजावं लागतं. त्यांनी फळ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "मले तर काही सापडून नाही राहिलं. सगळं बराबर दिसते."

वर्गातून निराशेचा लांब सूर निघाला. मिनल उठून खुर्चीजवळ आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"मॅडम, तुम्ही आबाजीसारखं करून राहिल्या."

"आबाजी काय करतात?"

"त्याइले सगळं समजते. समजलं नाही म्हणतात, मंग मी सांगतो."

"तुले कधीपासून माहीत आहे?"

"व्हॉल्व काय असते विचारलं, तेव्हापासून."

"मग त्यांना सांगितलं काहून नाही?"

मिनलने खांदे उडवले. "त्याइले मजा येते न मॅडम."

सुमतीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तिथेच राहू दिला. मिनलने खडूच्या डबीतून लाल खडू काढला. तो तिने पहिल्यांदाच हातात घेतला होता, पण स्वतःजवळ ठेवला नाही, बाईंपुढे धरला. "पकडणाराच खोडते," ती म्हणाली. "तुम्ही पकडलं आहे. मले दिसलं."

त्या उठल्या. फळ्यापाशी जाऊन त्यांनी शेवटच्या वाक्यावर रेघ ओढली, पण पट्टी न लावताच, आणि रेघ वाकडी गेली.

"मॅडम, पट्टी," मागून मिनलचा आवाज आला, आणि प्रशिक पट्टी घेऊन धावला. सुमतीबाईंनी पट्टी लावली आणि रेघ पुन्हा ओढली, या वेळी सरळ.

घंटा झाली. मुलं पायांवर डोकं टेकवून, कुणी नुसतंच हात हलवून, पळत निघून गेली. फाटकाशी चंपतराव उभे होते, त्यांचा हात धरून मिनल काहीतरी समजावून सांगत चालली होती आणि ते मान हलवत नव्हते, मुद्दाम.

रोज जाताना फळा पुसून जायची सुमतीबाईंची सवय होती. त्यांनी डस्टर उचलला. लाल रेघेखाली अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, मॅडम सोमवारी येतील. त्यांनी डस्टर होता तिथे ठेवला, शाल पिशवीत घातली आणि स्कुटीची किल्ली शोधू लागल्या.